कर्करोगाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताना

कर्करोगाच्या संशोधनात यायचं असेल तर एक सल्ला सगळ्यांत आधी देते. पंधरा-पंधरा दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं जमवत बसू नका. एकाच प्रयोगशाळेत सलग सहा महिने काढा. निवड समितीतली माणसं अर्जाला जोडलेल्या ‘हँड्स-ऑन ट्रेनिंग’च्या यादीवरून फार तर नजर फिरवतात. पण ‘सहा महिने अमुक प्रथिनावर काम केलं’ असं दिसलं की तिथे थांबतात आणि प्रश्न विचारायला लागतात. त्या प्रश्नांना उत्तरं देता येणं हीच तुमची खरी पात्रता. सहा महिन्यांत प्रयोग फसतो, पुन्हा करावा लागतो, पेशी मरतात, ऐन वेळी रसायन संपतं आणि मग एखाद्या दिवशी हवी ती पट्टी फिल्मवर स्वच्छ दिसते. पंधरा दिवसांच्या वर्गात सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असतं. प्रयोग का फसला हे शोधायची वेळच तिथे कुणावर येत नाही, आणि संशोधनातलं निम्मं शिक्षण तर त्या शोधण्यातच असतं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. त्याच परिसरात १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. पुढे रुग्णालय आणि संशोधन संस्था दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे गेली, १९६६ मध्ये एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं, आणि २००२ मध्ये संशोधनाचा भाग खारघरला मोठ्या आवारात हलला. तेच आजचं ॲक्ट्रेक. इथे संशोधन करणाऱ्याला पीएच.डी. मिळते ती होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची. म्हणजे एकाच आवारात विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे, रुग्णांचे वॉर्ड आहेत आणि नव्या उपचारांच्या चाचण्याही चालतात. अशी सोय देशात मोजक्याच ठिकाणी आहे.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणारं भांडार तिथे आहे, कर्करोगावर काम करणारे अनेक गट आहेत, आणि तिथले संशोधक विद्यार्थी पुणे विद्यापीठाकडे नोंदणी करतात. मुंबईची आयआयटी आणि पुण्याची आयसर इथल्या जीवशास्त्र विभागांतही कर्करोगावर काम चालतं. शिवाय बहुतेक विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा औषधनिर्माण विभागात एखादा तरी प्राध्यापक या विषयात असतो. त्यांची प्रयोगशाळा लहान असेल, पण पहिल्या अनुभवासाठी ती कमी समजू नका. मोठ्या संस्थेत तुम्हाला दुसऱ्या वर्षाचा पीएच.डी. विद्यार्थी शिकवेल, तर लहान ठिकाणी खुद्द प्राध्यापक शेजारी उभे राहून शिकवतील.

‘आमचा विषय चालेल का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, प्राणिशास्त्र हे तर नेहमीचे रस्ते झाले. पण वनस्पतिशास्त्र आणि कृषीच्या मुलांनी कमल रणदिवे यांचं उदाहरण जरूर वाचावं. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. केलं. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचं पेशी-आनुवंशशास्त्र. तिथून त्या परळला खानोलकरांकडे गेल्या, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकल्या, आणि परत येऊन भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. स्तनाच्या कर्करोगावरचं त्यांचं काम त्यातूनच वाढलं. गुणसूत्रं सीताफळाची असोत की उंदराची, सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघायची सवय एकच. भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक, पशुवैद्यक, फार्मसी या विषयांतून आलेल्यांनाही जागा आहे. त्यातल्या काहींबद्दल पुढे सांगते.

आत शिरण्याच्या वाटा बघू. पहिली आणि सगळ्यांत सोपी वाट म्हणजे एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प. बरीच महाविद्यालयं हा प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करू देतात, पण ती परवानगी विद्यार्थ्याने वेळेत मागावी लागते. ॲक्ट्रेकसारख्या संस्था प्रकल्पाचे आणि अल्प मुदतीचे विद्यार्थी घेतात. त्यांचे अर्ज, नियम आणि काही वेळा शुल्क ठरलेलं असतं, ते संस्थेच्या संकेतस्थळावरून पाहून घ्या. अशा प्रशिक्षणार्थींना बहुतेक ठिकाणी मानधन नसतं आणि राहायची सोयही स्वतःची स्वतः करावी लागते. नवी मुंबईत खोली भाड्याने घेऊन सहा महिने राहायचा खर्च लहान गावातल्या कुटुंबाला सोपा नाही. चार मुलांनी मिळून खोली घेणं, शिष्यवृत्तीची रक्कम आधीपासून बाजूला ठेवणं ही तयारी प्रवेशाच्या आधीच सुरू करावी लागते. घरी हे आकडे लपवू नका. आई-वडिलांसमोर बसून महिन्याचा हिशेब कागदावर मांडा.

दुसरी वाट उन्हाळी फेलोशिपची. भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही दोन महिन्यांसाठी देशातल्या शास्त्रज्ञांकडे पाठवतात. त्यात मानधन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरायचे असतात आणि काम पुढच्या उन्हाळ्यात. ही फेलोशिप पदवीच्या विद्यार्थ्यांनाही मिळते, हे अनेक महाविद्यालयांत कुणी सांगतच नाही. आपल्या विषयावर काय वाचलं आणि काय करायचं आहे याची टिपणी अर्जात लिहावी लागते. ती टिपणी इंटरनेटवरून उचलू नका. दीडशे शब्द असोत, पण स्वतःचे असोत.

तिसरी वाट थेट पत्र लिहिण्याची. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. एकच मजकूर वीस प्राध्यापकांना, तोही सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत घालून पाठवला जातो. कर्करोग ही किती मोठी समस्या आहे हे पहिल्या परिच्छेदात शास्त्रज्ञालाच समजावलं जातं. असं पत्र उघडलं जात नाही, आणि त्यात त्या प्राध्यापकाची चूक आहे असं मला वाटत नाही. पत्र तीन लहान परिच्छेदांचं हवं. तुम्ही कोण, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे आहात, हे पहिल्यात. त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका शोधनिबंधात तुम्हाला काय समजलं आणि कुठे अडलं, हे दुसऱ्यात. तुम्हाला हातानं काय करता येतं आणि महाविद्यालयाकडून कुठली कागदपत्रं लागतील, हे तिसऱ्यात. ‘तुमच्या चौथ्या आकृतीत औषध दिल्यावर पेशींची हालचाल कमी झाली, पण त्या पेशी मेल्या म्हणून हालचाल थांबली नाही हे कसं तपासलं?’ असा एक खरा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं पत्र मी तरी बाजूला ठेवणार नाही. पत्र सहा महिने आधी पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, आणि मग पुढच्या नावाकडे वळा.

इथे एक इशारा देणं भाग आहे. ‘कर्करोग संशोधनात इंटर्नशिप’ म्हणून हजारो रुपये घेऊन महिनाभरात प्रमाणपत्र देणारी दुकानं आता बरीच झाली आहेत. तिथे संशोधन चालतच नाही, ठरावीक प्रात्यक्षिकं दाखवली जातात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: या प्रयोगशाळेतून गेल्या तीन वर्षांत कुठले शोधनिबंध आले, आणि इथे पूर्ण वेळ संशोधन करणारं कोण आहे? तसंच पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचं. अशा ठिकाणी छापलेला लेख मुलाखतीत तुमच्या बाजूने जात नाही, विरुद्धच जातो.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगते. पहिले काही दिवस फक्त बघायचे असतात. मग तुमच्या हाती कल्चरची बाटली येते. पेशी ज्या द्रवात वाढतात तो गुलाबी-लाल असतो, कारण त्यात फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो. पेशींची गर्दी होऊन आम्ल वाढलं की तो पिवळा पडतो. कार्बन डायऑक्साइड कमी पडला की जांभळट होतो. पिवळा आणि गढूळ झाला तर बहुधा जिवाणू शिरलेले असतात. ३७ अंश सेल्सिअस आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरचं दार उघडल्या क्षणी अनुभवी संशोधक रंगावरूनच ओळखतो की आज काय करायचं आहे. ही नजर पुस्तकातून येत नाही. ट्रिप्सिन घालून पेशी काचेपासून सोडवताना दोन मिनिटं जास्त गेली की त्या मरायला लागतात. हिमोसायटोमीटरच्या चौकोनांत पेशी मोजताना ट्रिपॅन ब्लूने निळ्या झालेल्या मेलेल्या, न रंगलेल्या जिवंत. हे शंभर वेळा केल्यावर हात बसतो. पेशींना रविवार नसतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही कुणाला तरी यावं लागतं. प्रशिक्षणार्थीने आपली पाळी न सांगता घेतली तर गट त्याला लवकर आपला मानतो.

नोंदवहीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. तारीख, पेशींचं नाव, त्या कितव्या पिढीच्या, रसायनाच्या बाटलीवरचा लॉट क्रमांक, विरलीकरणाचा हिशेब, आणि शेवटी काय दिसलं. शाईच्या पेनानं लिहा, खोडताना एकच रेघ मारा म्हणजे खालचं वाचता येईल. पान फाडू नका. फसलेला प्रयोगही लिहा, किंबहुना तो जास्त तपशिलात लिहा. सहा महिन्यांनी तुम्ही निघून जाल आणि दुसरं कुणी तुमच्या वहीवरून तोच प्रयोग करेल. ते त्याला जमलं तरच तुमचं काम उरलं म्हणायचं.

पेशी खरोखर त्याच आहेत का, हा प्रश्न शिकाऊ विद्यार्थ्यालाही विचारता आला पाहिजे. रणदिवे ज्या जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीपासून हेला पेशी वाढवल्या गेल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की इतर पेशींच्या बाटलीत एखादा थेंब गेला तरी काही काळाने सगळी बाटली हेलाची होते. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरात असलेल्या कित्येक पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या. म्हणून आज पेशींची डीएनए ओळख, म्हणजे एसटीआर चाचणी, करून घेतात, आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या मायकोप्लाझ्माची तपासणी वेळोवेळी करतात. तुमच्या प्रयोगशाळेत ही तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या गाइडला या प्रश्नाचा राग येत नाही.

हेन्रिएटा लॅक्स यांची संमती कुणी घेतली नव्हती. त्या घटनेतून जग जे शिकलं, ते आज प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या रोजच्या कामात आहे. ऑपरेशन थिएटरमधून बर्फात ठेवलेली लहानशी डबी येते, तिच्यावर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. त्यामागे नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णाची सही असलेला संमतिपत्राचा कागद असतो, बहुधा मराठीत किंवा हिंदीत. तो कागद एकदा तरी पूर्ण वाचा. आपण काय वचन दिलं आहे ते कळतं. त्या डबीचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जाता कामा नये. आणि मानवी नमुन्यांना हात लावण्याआधी हेपटायटिस बीची लस घ्या. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून प्रवेश नक्की होण्याची वाट न बघता आधीच सुरू करा. द्रवरूप नायट्रोजनच्या बंद खोलीत एकट्याने काम करू नका, कारण त्याच्या वाफेने खोलीतला प्राणवायू कमी होतो. या दोन गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत तर स्वतःहून विचारा.

पीएच.डी.चा रस्ता बहुतेकांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जातो. परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा असते. जीवविज्ञानाच्या २०० गुणांच्या पेपरात तीन भाग आहेत. सामान्य बुद्धिमत्तेच्या २० प्रश्नांपैकी १५ सोडवायचे, दुसऱ्या भागात ५० पैकी ३५, आणि तिसऱ्यात ७५ पैकी फक्त २५, पण तिथे प्रत्येकी चार गुण आहेत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. शंभर गुण त्या पंचवीस प्रश्नांत आहेत आणि ते प्रश्न पाठांतराचे नसतात. एक प्रयोग देतात, चार निष्कर्ष देतात, बरोबर जोडी निवडायची. म्हणूनच प्रयोगशाळेत काढलेले सहा महिने इथे उपयोगी पडतात. ज्याने स्वतः जेल चालवली आहे त्याला असे प्रश्न वाचताक्षणी अर्धे समजतात. आयसीएमआरची परीक्षा, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, गेट हेही पर्याय आहेत. कुठली संस्था कुठली परीक्षा ग्राह्य धरते हे दरवर्षीच्या जाहिरातीत पाहूनच अर्ज करा, मागच्या वर्षीच्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका.

मुलाखतीत बहुतेक वेळ तुमच्या स्वतःच्या प्रकल्पावर जातो. पडद्यावर तुमचाच वेस्टर्न ब्लॉट असतो आणि कुणी तरी विचारतं, ‘खालची ही ॲक्टिनची पट्टी कशासाठी?’ उत्तर साधं आहे. प्रत्येक रकान्यात प्रथिन सारख्याच प्रमाणात भरलं होतं हे दाखवण्यासाठी. पुढचा प्रश्न असतो, ‘आणि तुमच्या औषधाने ॲक्टिनच बदललं असतं तर?’ इथे बरेच जण गप्प होतात. गप्प होऊ नका, मोठ्याने विचार करा. दुसरं एखादं प्रथिन तपासलं असतं, सगळी प्रथिनं रंगवून पाहिली असती, असं काहीही तर्काने सांगा. समिती तुमचं ज्ञान मोजतेच, पण न येणाऱ्या प्रश्नासमोर तुम्ही काय करता हे जास्त बारकाईने बघते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. ती खरी आहे, आणि तिच्यावर इलाज आहे. आपल्या प्रकल्पाबद्दल रोज दहा मिनिटं मैत्रिणीसमोर इंग्रजीत बोलत जा. वाक्यं लहान ठेवा. व्याकरण चुकलं म्हणून कुणी नाकारत नाही. प्रयोगात कंट्रोल काय ठेवला हे सांगता आलं नाही, तर नाकारतात.

संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. पाच-सहा वर्षं त्या माणसासोबत काढायची आहेत. निवड होण्याआधी त्या गटातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एकेकटं भेटा, शक्यतो प्रयोगशाळेबाहेर चहाच्या टपरीवर. गेल्या दोघा-तिघांची पीएच.डी. किती वर्षांत झाली? शोधनिबंधावर पहिलं नाव विद्यार्थ्याचं येतं का? गाइड आठवड्यातून किती वेळ भेटतात? सोडून गेलेले किती, आणि का? उत्तरं देताना समोरचा अडखळला तर तेही उत्तरच समजा. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या गाइडकडे जाताना पुढची व्यवस्था काय, हे स्पष्ट विचारून घ्या. काम सुरू झाल्यावर छळ झाला, लैंगिक त्रास झाला किंवा तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर डॉक्टरल समिती आणि संस्थेची अंतर्गत तक्रार समिती यांच्याकडे लेखी जायचा तुम्हाला हक्क आहे. विद्यार्थी गप्प राहतात, हे मला फार खुपतं. पहिल्याच वर्षी समितीतल्या एखाद्या दुसऱ्या प्राध्यापकाशी ओळख ठेवा म्हणजे अडचणीत एकटेपणा येणार नाही.

पैशांचं बोलू. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये झाली. पहिली दोन वर्षं ती मिळते, नंतर सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये, आणि वर घरभाडे भत्ता. एकूण मुदत साधारण पाच वर्षं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी या उशिराविरुद्ध वारंवार आवाज उठवला आहे, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. निदान तीन महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवूनच रुजू व्हा. पीएच.डी. नंतर रिसर्च असोसिएटला याच सुधारित दरांनुसार ५८,००० पासून सुरुवात होते. मुलीच्या घरी ‘अजून पाच वर्षं?’ हा प्रश्न आला की हे आकडे पुढे ठेवा. ही पगारासारखी रक्कम आहे, तिच्यावर स्वतःचं पोट भरतं, हे अनेक पालकांना माहीतच नसतं.

पण कर्करोग संशोधन म्हणजे फक्त पेशी आणि पिपेट हा समज मोडायला हवा. आपल्याकडचं मोठं काम शेतात आणि वस्त्यांत झालं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्याच नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. एचपीव्हीची एकच चाचणी केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, हा निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगर वापरून तपासणी केली आणि याच कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ज्या गटाची तपासणी केली नाही त्यांच्यावर अन्याय झाला का, यावर पुढे मोठा वाद झाला. या क्षेत्रात येणाऱ्याने निष्कर्षांइतकाच तो वादही वाचावा. गावोगावच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणारी, नोंदी चोख ठेवणारी माणसं नसती तर यातलं काहीच झालं नसतं. समाजकार्य, परिचर्या, संख्याशास्त्र शिकलेल्यांना इथे जागा आहे, आणि मराठवाड्यातली भाषा येणं ही इथे खरीखुरी व्यावसायिक पात्रता आहे.

संगणकाकडे कल असलेल्यांसाठी आजच्याइतका चांगला काळ पूर्वी नव्हता. अमेरिकेच्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कर्करोगांची जनुकीय माहिती गोळा केली आणि तिचा मोठा भाग कुणालाही मोफत खुला आहे. सी-बायोपोर्टल नावाच्या संकेतस्थळावर ती साध्या ब्राउझरमधून चाळता येते. आपल्याकडे गालाच्या आणि हिरडीच्या कर्करोगाच्या जनुकांचा नकाशा पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी मिळून केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू आणि गुटख्याने होणारा हा आजार आपल्याकडे फार आढळतो, आणि त्याची माहिती अभ्यासणारी माणसं मात्र कमी आहेत. परभणीच्या वसतिगृहात बसूनही ‘आर’ किंवा ‘पायथन’ शिकून यातला एक लहान प्रश्न सोडवता येतो.

पीएच.डी. न करताही आयुष्यभराचं काम मिळतं, हे डीएमएलटी किंवा बी.एस्सी. झालेल्यांनी लक्षात ठेवावं. ऊतींचे पातळ छेद घेऊन रंगवणारे तंत्रज्ञ, फ्लो सायटोमीटर चालवणारे, गुणसूत्रं तपासणारे, नमुन्यांचं भांडार सांभाळणारे, औषध चाचण्यांचे समन्वयक हे नसतील तर प्रयोगशाळा बंद पडते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून, वाढवून परत देतात. अशा उपचाराला निर्जंतुक खोलीत पेशी सांभाळणारे हात लागतात. जी सवय तुम्ही एम.एस्सी.च्या प्रकल्पात लावून घेता, तिच्यावर इथे पगार मिळतो.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर सहसा शुल्क माफ होतं आणि मानधन मिळतं. एम.एस.ला मात्र बहुधा स्वतःचे पैसे लागतात. पुढे पीएच.डी. मिळेल या आशेवर घर गहाण ठेवून एम.एस.ला जाऊ नका. जर्मनीत हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्राचा आंतरराष्ट्रीय पीएच.डी. कार्यक्रम इंग्रजीत चालतो आणि विद्यार्थ्याला मोबदला मिळतो. भारतात पीएच.डी. करून नंतर पोस्ट-डॉक्टरल कामासाठी जाणं ही जुनी आणि सुरक्षित वाट आहे. परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिपसारख्या योजना आहेत.

एक नाजूक गोष्ट राहिली. या क्षेत्रात येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी कर्करोगाने कुणी गेलेलं असतं. आई, आजोबा, मावशी. ते कारण खरं आणि मोठं आहे, पण अर्जात त्यावर दोनच ओळी लिहा. प्रयोगशाळेत तुमच्या वाट्याला बहुधा एखादं प्रथिन येईल, ज्याचा रुग्णाशी संबंध लागायला वर्षं जातील, कदाचित लागणारही नाही. हे आधी कळलं तर निराशा कमी होते. आणि घरी कुणी सध्या आजारी असेल तर नातेवाईक तुम्हाला उपचार विचारतील. त्यांना नम्रपणे डॉक्टरांकडेच पाठवा. ज्या दिवशी नमुना तुमच्या घरच्या रुग्णाच्या शेजारच्या वॉर्डातून येईल, त्या दिवशी हात थरथरले तर गाइडला सांगा आणि थोडं बाहेर जाऊन या. यात कमीपणा नाही.

तर या महिन्यात सुरुवात कशी करायची? तुमच्या विद्यापीठाच्या आणि वर सांगितलेल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर जाऊन कर्करोगावर काम करणाऱ्या पाच गटांची नावं काढा. प्रत्येकाचा एकेक शोधनिबंध उतरवून घ्या. पबमेडवर शोधलं तर पुष्कळसे मोफत मिळतात. आधी आकृत्या बघा, मग सारांश वाचा, न कळलेले शब्द वहीत लिहा आणि महाविद्यालयातल्या शिक्षकांना त्या शब्दांसाठी अर्धा तास मागा. पाचांपैकी ज्याची आकृती तुम्हाला दुसऱ्या दिवशीही आठवत राहते, त्यालाच पहिलं पत्र लिहा. सोबत प्राचार्यांकडून परवानगीचं पत्र, गुणपत्रिका आणि एक पानाचा परिचय तयार ठेवा, म्हणजे उत्तर आलं की त्याच दिवशी पाठवता येईल.